अभ्यासिकेतले सहा कॉम्प्युटर

जुना कॉम्प्युटर दुरुस्तीला नेला, की दुकानदार सहज विचारतो, "विंडोज टाकून देऊ ना? पाचशे रुपये होतील." आपण मान हलवतो आणि संध्याकाळी कॉम्प्युटर चालू होऊन घरी येतो. ते पाचशे रुपये दुकानदाराच्या मजुरीचे असतात. ज्यांनी ती प्रणाली बनवली त्यांना त्यातला एक पैसाही जात नाही. हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते, पण त्याला चोरी म्हणायला जीभ वळत नाही.

आमच्या मोहल्ल्यातही वर्षानुवर्षे असेच चालत आले होते. आम्ही म्हणजे दोन शिक्षक, एक वायरमन, घर सांभाळणाऱ्या एक आपा आणि कॉलेजात शिकणारी दोन मुले. मुलामुलींसाठी आम्ही एक छोटी अभ्यासिका चालवतो. एका कार्यालयाने वापरातून काढलेले सहा कॉम्प्युटर आम्हाला मिळाले. प्रत्येकात ४ जीबी रॅम होती, बाकी डिस्क कोऱ्या. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला होता आणि विंडोज ११ साठी लागणारी टीपीएम २.० ची सोय या जुन्या यंत्रांत नव्हती.

बैठकीत कोणी तरी म्हणाले, "पोरांच्या शिक्षणासाठीच तर आहे. दुकानातून टाकून आणू, कोण विचारतो?" हिशेब सांभाळणारे आमचे चाचा शांतपणे म्हणाले, "आकडा टाकून घेतलेल्या विजेवर अभ्यासिकेचे दिवे लावाल का? नाही ना? मग हे कसे चालेल?" यावर कोणाकडेच उत्तर नव्हते.

तेव्हा कॉलेजातल्या मुलांनी लिनक्सचे नाव काढले. आम्हा मोठ्यांना ते फक्त ऐकून माहीत होते. मुलांनी समजावून सांगितले. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. प्रणाली कशी बनली आहे ते कोणालाही पाहता यावे, ती हवी तशी बदलता यावी आणि दुसऱ्याला देताही यावी, हा त्यांचा आग्रह. १९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहून सर्वांसाठी खुला केला. पुढे जगभरातल्या हजारो लोकांनी त्यात भर घातली. म्हणजे ही प्रणाली उतरवून घेणे आणि शेजाऱ्याला देणे यात लपवण्यासारखे काही नाही. देणाऱ्यांनीच तशी लेखी परवानगी दिली आहे.

आम्ही लिनक्स मिंटची हलकी, एक्सएफसीई आवृत्ती निवडली. एका पेनड्राइव्हवर ती घेतली आणि दोन संध्याकाळी बसून सहाही कॉम्प्युटर चालू केले. लिहिण्यासाठी आणि हिशेबासाठी लिब्रेऑफिस, इंटरनेटसाठी फायरफॉक्स. इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावून मुले मराठी लिहू लागली, आणि उर्दूचा कीबोर्ड जोडल्यावर उजवीकडून डावीकडे उर्दूही.

खरी अडचण पुढे आली. बारावीत शिकणाऱ्या एका मुलीचे वडील रिक्षा चालवतात. ते आपांना म्हणाले, "आपा, नोकरीच्या ठिकाणी सगळीकडे विंडोजच असते. माझ्या पोरीला भलतेच शिकवून तिचे वर्ष वाया घालवू नका." दुसऱ्या दिवसापासून मुलगी येईनाशी झाली. तिच्याबरोबर येणाऱ्या दोन मैत्रिणीही थांबल्या.

आम्ही वाद घातला नाही, कारण त्यांच्या बोलण्यात तथ्य होते. आपल्याकडच्या दुकानांत आणि लहान कार्यालयांत टॅली चालते आणि ती विंडोजसाठी बनलेली आहे. जुन्या इनपेजमधल्या उर्दू फाइलींचाही हाच प्रश्न. म्हणून आम्ही वर्गणी काढून सातवा, वापरलेला पण मूळ परवान्याचा विंडोज कॉम्प्युटर घेतला. सहा परवान्यांचे पैसे आमच्याकडे नव्हते, एकाचे जमले.

मग आपा त्या घरी गेल्या. रिक्षाच्या कर्जाच्या हप्त्यांची वही त्यांनी मागून घेतली आणि मुलीला म्हणाल्या, "बेटा, चल, हे कॉम्प्युटरवर मांडून अब्बांना दाखव." लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये तिने तक्ता केला. किती फिटले, किती राहिले, व्याजात किती गेले, हे वडिलांनी पहिल्यांदाच एका पानावर पाहिले. तीच फाइल आपांनी सातव्या कॉम्प्युटरवर एक्सेलमध्ये उघडून दाखवली. वडील एवढेच म्हणाले, "टॅलीही शिकवणार ना?" शिकवणार, म्हटल्यावर मुलगी परत येऊ लागली. तिच्या मैत्रिणीही आल्या.

वाचक बंधू-भगिनींना आमचे सांगणे एवढेच. घरातला जुना कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी एकदा लिनक्स लावून पाहा. पेनड्राइव्हवरून ते डिस्कला हात न लावताही चालवून बघता येते. वायफाय, आवाज, प्रिंटर चालतो का ते तिथेच कळते. कायमचे बसवायचे ठरले, तर आधी घरातले फोटो आणि कागदपत्रे दुसरीकडे उतरवून ठेवा, कारण बसवताना डिस्क पुसली जाऊ शकते. टॅली किंवा तुमच्या धंद्याचे एखादे खास सॉफ्टवेअर लागत असेल, तर त्यासाठी मूळ परवान्याचे विंडोजच ठेवा. आणि मुलांना हे अवघड जाईल अशी भीती नको. त्यांच्या हातातल्या अँड्रॉइड मोबाइलच्या पोटातही लिनक्सचाच गाभा आहे.

आमच्या अभ्यासिकेत आता तो पेनड्राइव्ह रजिस्टरमध्ये नोंद करून घरी न्यायला मिळतो. नेणाऱ्याने एकच अट पाळायची: शिकून घेतले, की आणखी एका घरी जाऊन बसवून द्यायचे.