हृदयाचे कवाड

मनुष्यास आयुष्यात पुष्कळ गोष्टींची निवड करावी लागते. बैल घेताना दात पाहावेत, जमीन घेताना विहिरीचे पाणी पाहावे, सोयरीक जुळविताना घराणे पाहावे, असे वडीलधाऱ्यांनी आम्हांस शिकविले. परंतु स्वतःच्या हृदयात कोणती झडप बसवून घ्यावी हे ठरविताना काय पाहावे, हे मात्र कोणी शिकविले नाही. कारण आमच्या आजोबांच्या काळी अशी निवड कोणाच्या वाट्यास येतच नव्हती. आमच्या वाट्यास ती वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी आली आहे, आणि गेला पंधरवडा आमच्या जिंतूरच्या घरात दुसरा विषय नाही.

हृदयातून महाधमनीत रक्त जाते त्या दाराशी निसर्गाने तीन पाकळ्यांची झडप बसविलेली असते. शंभरात एखाददुसऱ्या मनुष्यास मात्र ती जन्मतःच दोन पाकळ्यांची मिळते. आम्ही त्या एखाददुसऱ्यांपैकी. हे कवाड दिवसातून सुमारे एक लाख वेळा उघडते व मिटते. दोन पाकळ्यांच्या कवाडावर त्याचा ताण अधिक पडतो, त्यावर चुना साचत जातो, आणि पन्नाशी-साठीच्या सुमारास ते पुरते उघडेनासे होते. नेमगिरीच्या डोंगरावर, जैनांच्या प्राचीन लेण्यांपर्यंत, आम्ही वर्षानुवर्षे पहाटे जात आलो; यंदा अर्ध्या चढावरच धाप लागू लागली आणि एकदा डोळ्यांपुढे अंधारी आली. तपासणीनंतर शल्यविशारदांनी स्पष्ट सांगितले की, झडप बदलणे अवश्य आहे व विलंब धोक्याचा आहे. मग त्यांनी विचारले, “आपण दिवसभर करता काय?” आम्ही म्हणालो, “शेती.” त्यावर ते म्हणाले, “मग निवड आपणच करावी. आम्ही दोन्ही बाजू सांगतो.”

त्या दोन बाजू अशा. एक झडप यांत्रिक, म्हणजे धातू, कार्बन वगैरेंची. दुसरी जैविक, म्हणजे गोवंशाच्या हृदयावरणापासून अथवा डुकराच्या झडपेपासून संस्कार करून तयार केलेली. यांत्रिक झडप बहुधा जन्मभर टिकते. परंतु तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त गोठण्याची क्रिया मंद करणारे औषध जन्मभर घ्यावे लागते. जैविक झडपेस पहिले काही महिने सोडले तर बहुधा त्या औषधाची गरज नसते; परंतु ती दहा-पंधरा वर्षांनी जीर्ण होते, तरुण वयात बसविली तर त्याहूनही लवकर. साधारणपणे पन्नाशीच्या आत यांत्रिक व पासष्टीच्या पुढे जैविक, असा वैद्यकाचा ठोकताळा आहे. मधल्या वयात रोग्याच्या राहणीस व मतास मान दिला जातो. हा मान आम्हांस थोडा जडच वाटला.

या यांत्रिक झडपेचा इतिहास मोठा मनोवेधक आहे. अमेरिकेतील लॉवेल एडवर्ड्स या वयोवृद्ध अभियंत्याच्या मनात संपूर्ण कृत्रिम हृदयच बनवावयाचे होते. अल्बर्ट स्टार या शल्यविशारदांनी त्यास, आधी एक झडप तर करून पाहू, असे सुचविले. 1960 साली त्यांची पिंजऱ्यात चेंडू ठेवलेली झडप माणसाच्या हृदयात बसली व चालली. आपल्या देशात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांनी स्वदेशी झडपेचा ध्यास घेतला. तिचे पहिले तीन नमुने फसले. चौथा यशस्वी झाला, आणि डिसेंबर 1990 मध्ये ती प्रथम एका रोग्याच्या हृदयात बसविण्यात आली. परदेशी झडपेची किंमत ज्यांस झेपत नव्हती अशा हजारो गरिबांस तिने जीवदान दिले. हे वाचल्यापासून यांत्रिक झडपेविषयी आमच्या मनात आदर आहे. परंतु आदर असणे निराळे व ती आपल्या छातीत बसवून घेणे निराळे.

शहरातील मंडळी ज्यास सक्रिय जीवन म्हणतात, त्यात धावणे, पोहणे, सायकल चालविणे इत्यादी प्रकार येतात. त्या बाबतीत दोन्ही झडपा सारख्याच उपयोगी आहेत. चालण्यास अगर डोंगर चढण्यास यांपैकी कोणतीही आड येत नाही. फरक पडतो तो जखमेच्या वेळी. औषध चालू असता रक्त सहजी थांबत नाही. म्हणून कुस्ती, कबड्डी यांसारखे अंगाला अंग भिडणारे खेळ अशा मनुष्याने टाळावेत असे सांगतात. आता आम्ही काही कुस्ती खेळत नाही. परंतु तूर कापताना विळा हाती असतो, पऱ्हाटी उपटताना हात सोलतात, बांधावरची बाभळ तोडताना काटा खोल जातो, आणि गोठ्यात बैलाने मान झटकली तर शिंग कोठे लागेल याचा नेम नसतो. किरकोळ जखम दाबून धरता येते. परंतु डोक्यावर मार बसला तर वर दिसत नसलेला रक्तस्रावही जिवावर बेततो. तेव्हा आमच्यापुरता प्रश्न हृदयाच्या बळाचा उरला नसून हातातील विळ्याचा झाला आहे.

त्या औषधाचे नाव वॉरफॅरिन. त्याची कुळकथा शेतकऱ्याने ऐकण्याजोगी आहे. 1920 नंतरच्या काळात उत्तर अमेरिकेत बुरसलेला चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. त्या चाऱ्यातील द्रव्याचा शोध विस्कॉन्सिन येथे कार्ल लिंक व त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला. त्यातूनच पुढे हे औषध निघाले. 1948 साली ते उंदीर मारण्यासाठी बाजारात आले, व काही वर्षांतच माणसांचे प्राण वाचवू लागले. त्याची मात्रा मात्र फार नाजूक. थोडी कमी पडली तर झडपेवर गुठळी धरते, जास्त झाली तर रक्तस्राव होतो. म्हणून वरचेवर रक्त तपासून आयएनआर नावाचा आकडा ठरलेल्या मर्यादेत ठेवावा लागतो. मेथी, पालक, करडईची भाजी यांचाही त्या मात्रेशी संबंध आहे. त्या वर्ज्य नाहीत. परंतु एका आठवड्यात रोज भाजी व दुसऱ्या आठवड्यात मुळीच नाही, असे चालत नाही. आणि आमच्याकडे भाजी वैद्याला विचारून नव्हे, पावसाला विचारून ताटात येते! पुण्यास असणारे आमचे चिरंजीव म्हणाले, “बाबा, हल्ली नवी औषधे निघाली आहेत, त्यांना अशी तपासणी लागत नाही.” शल्यविशारदांस विचारता ती औषधे यांत्रिक झडपेस चालत नाहीत असे कळले.

विचार करता करता आम्हांस असे वाटू लागले की, या दोन झडपा म्हणजे कर्ज फेडण्याच्या दोन रीती आहेत. यांत्रिक झडपेचे कर्ज रोजच्या लहान हप्त्यांनी जन्मभर फेडावयाचे. जैविक झडपेचे, दहा-पंधरा वर्षे मोकळेपणी जगून, मग एकरकमी. बिनकर्जाचा तिसरा मार्ग आम्हांस कोणी दाखविला नाही. शिवाय दात काढण्यापूर्वी जंतुनाशक औषध घेणे व अंगात ताप राहिला तर तत्काळ डॉक्टरांस गाठणे, ही पथ्ये दोन्ही झडपांस सारखीच आहेत.

घरातील प्रत्येकाने आपापल्या भयाप्रमाणे मत दिले. चिरंजीवांस विळ्याचे व रक्ताचे भय, म्हणून ते जैविक झडपेच्या बाजूचे. आत्याबाई म्हणाल्या, “जनावराचं काळजाशी कशाला रे ठेवतोस?” त्यांस आम्ही एवढेच म्हणालो की, आत्याबाई, जनावरांच्या कष्टावर हे घर तीन पिढ्या उभे आहे, आणखी एक ऋण घेतले तर ते आम्ही लाजेने घेणार नाही, हात जोडून घेऊ. त्या काही बोलल्या नाहीत, परंतु रागावल्याही नाहीत. सर्वांत कठीण बोलणे आमच्या सौभाग्यवतींचे होते. त्या म्हणाल्या, “तुम्ही टेबलावर झोपेत असणार. बाहेर मी बसणार. एकदा बसेन. सत्तरीला पुन्हा बसायचं बळ माझ्यात असेल का, हे कुणी विचारलं?”

खरोखरच हे कोणी विचारले नव्हते. झडपेच्या गुणदोषांच्या तक्त्यात रोग्याचे वय असते, त्याचा व्यवसाय असतो. दाराबाहेर बसणाऱ्या माणसाचे वय त्यात नसते. 2002 साली फ्रान्समध्ये डॉ. क्रिबिए यांनी छाती न उघडता रक्तवाहिनीतून झडप बसवून दाखविली. आता जीर्ण जैविक झडपेच्या आतही, शरीररचना अनुकूल असेल तर, तशीच नवी बसविता येते. हे आम्ही त्यांस समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. पटले, असे त्या म्हणाल्या नाहीत, मात्र दुसऱ्या दिवशी त्यांनीच आम्हांस सांगितले, “रोज विळा हातात धरताना तुम्ही भ्यालेले मला बघवणार नाही. तुमच्या मनासारखं करा.”

आम्ही जैविक झडप निवडली आहे. दुसऱ्या एखाद्या गृहस्थाने, ज्याचे काम मेजावर चालते व ज्याची दिनचर्या घड्याळासारखी आहे, त्याने यांत्रिक निवडली तर ती तितकीच शहाणपणाची ठरेल. आणि आम्ही पस्तिशीत असतो तर आम्हीही कदाचित तीच घेतली असती. उत्तम झडप कोणती, असा प्रश्न जो विचारतो त्यास आमचे उत्तर असे की, आधी आपला दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत नीट पाहावा, नंतर आपली वाट पाहत बसणाऱ्या माणसाचा दिवस पाहावा, आणि मग झडपेकडे वळावे.

असो. तारीख ठरली आहे. छातीचे हाड सांधण्यास दोन-तीन महिने लागतात, तोवर जड उचलावयाचे नाही. म्हणून यंदाची तूर दुसऱ्याच हातांनी कापली जाईल. पुढच्या वर्षीच्या तुरीसाठी विळ्याला धार लावून ठेवण्यास आम्ही सांगून ठेवले आहे.