कोयनेचें पाणी आणि द्राक्षांचा पेला

कोयनानगरास पावसाळा सरतां सरतां जावें. शिवाजीसागर तेव्हां तुडुंब भरलेला असतो, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपांतहि तगलेलें १०३ मीटर उंचीचें धरण धुक्यांतून हळूहळू दिसूं लागतें. येथील बहुतेक पाणी वीज देऊन पश्चिमेस वाशिष्ठीला मिळतें. उरलेलें कऱ्हाडास कृष्णेंत येतें व टेंभू-ताकारीच्या उपशानें सांगलीकडील माळांवर चढतें. तेथें द्राक्षें पिकतात. २००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणानंतर सरकारनें पलूस येथें वाइनच्या कारखान्यांसाठीं स्वतंत्र वसाहतच आंखली.

सोंवळ्या वाचकांनीं दचकूं नये. पाणिनीच्या एका सूत्रावर ‘कापिशायन मधु’ हें उदाहरण आम्ही पाठशाळेंत घोकलें आहे. कौटिल्यानेंहि द्राक्षमद्याची नोंद घेतली आहे. चव पाहण्याचा आधुनिक विधि मात्र मोठ्या संयमाचा. पेला दांडीस धरावा, पांढऱ्या कापडासमोर रंग न्याहाळावा, पेला हलकेच फिरवून गंध घ्यावा, मग लहानसा घोट जिभेवर घोळवून पिकदाणींत टाकावा. आधीं फिकीं मद्यें, मग गडद. मधून पाणी व कोरडा पाव. पारखी मनुष्य गिळीत नाहीं.

थोरामोठ्यांच्या बैठकींत ही पिकदाणी कोरडीच राहत असावी! स्वित्झर्लंडांतील दावोस येथें जागतिक आर्थिक परिषदेच्या दिवसांत अँथनी स्कारामुची हे अमेरिकन धनिक उद्योगपति व राजकारणी यांच्यासाठीं अशी बैठक कित्येक वर्षें भरवीत आले. तेथें महत्त्व मद्याला थोडें, कोण कोणाशेजारीं उभा राहतो याला अधिक. आमचे मुख्यमंत्रीहि करारमदारांसाठीं दावोसला जातात.

जानेवारी २०२२ मध्यें महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें मोठ्या दुकानांतून वाइन विकण्यास मान्यता दिली, तेव्हां शेतकऱ्याचें हित हें कारण पुढें केलें गेलें. अण्णा हजारे यांनीं विरोध केला. वाद पेल्याचा झाला. पाण्याविषयीं कोणी बोललें नाहीं. ज्यांचीं गांवें या जलाशयाखालीं गेलीं, त्यांचीं कुटुंबें जमिनीसाठीं २०१८ सालीं याच कोयनानगरांत धरणें धरून बसलीं होतीं, धरण पुरें होऊन अर्धशतक उलटल्यावर!

सांगलीकडील कोणा कारखानदारानें मान्यवरांची बैठक या तीरावर भरविलीच, तर पहिल्या दोन खुर्च्या पलूसच्या बागाईतदारास व बुडालेल्या गांवच्या एखाद्या म्हाताऱ्यास द्याव्या. मला बोलावणें आलें तर ताज्या द्राक्षरसावर भागेल.