कात्साचे हात, माझी जीभ

मराठी विभागाच्या संपादकांनी "तूपण काहीतरी लिही" म्हटलं तेव्हा मला हसूच आलं. दहावीपर्यंत कॉन्व्हेंट, वर्गात मराठी बोललं की बाकावर उभं! त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.

विषय मात्र माझ्या आवडीचा आहे. अंगात भयंकर शक्ती असलेल्या मुलींच्या फँटसी कादंबऱ्या. क्रिस्टिन कशोरची 'ग्रेसलिंग' (२००८) मी २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पहिल्यांदा वाचली. त्या जगात काही मुलं एखादं विलक्षण कसब घेऊनच जन्मतात. कोणी पोहण्यात, कोणी स्वयंपाकात. खूण म्हणजे दोन डोळे दोन रंगांचे. कात्साचा एक डोळा निळा, एक हिरवा आणि तिचं कसब म्हणजे माणूस मारणं! आठ वर्षांची असताना वाईट नजरेने जवळ आलेल्या एका नातेवाइकाला तिने एका फटक्यात मारलं. तेव्हापासून सगळे तिला टरकून असतात. राजा मात्र खूश. (त्याचं नाव मराठीत लिहिलं तर हा अंक जप्त होईल, म्हणून नुसतं 'राजा'.) कोणी राजाला फसवलं की कात्साला पाठवायचं, जा, हात मोडून ये.

ताहेरा माफीच्या 'शॅटर मी'मध्ये (२०११) ज्युलिएटचा नुसता स्पर्श जीव घेतो. २६४ दिवस ती कोठडीत एकटी. तिची वाक्यं पुस्तकात लिहून मग खोडलेली दिसतात, जणू विचार करायचीही भीती. तिच्यावरही एका अधिकाऱ्याचा डोळा असतो, हत्यार म्हणून वापरायला.

तेव्हा मला या मुलींचा हेवा वाटायचा. आपल्याकडे काय, चष्मा आणि मेथ्सचा क्लास!

पण हॉस्टेलला आल्यावर कळलं की माझ्याकडेही एक हत्यार आहे. इंग्रजी. मेसच्या डाळीत पाणी जास्त झालं, गीझर बंद पडला, ऑफिसात फॉर्म अडला की विंगमधल्या मुली मला पुढे करायच्या. मी फाडफाड सुरू झाले की समोरचा गडबडायचा आणि काम व्हायचं. मला मजा यायची.

माझी रूममेट गावाकडच्या मराठी शाळेतून आलेली. माझी झोप मोडू नये म्हणून पहाटे साडेचारला बाहेर कॉरिडॉरमध्ये बसून मोठ्याने पाठ करायची. विंगची झोप मोडायला लागली. सगळ्या म्हणाल्या, "तूच सांग तिला, तुला छान जमतं." मी सांगितलं. सगळ्यांसमोर, इंग्रजीत, पाच मिनिटं. मॅनर्स काढले, गाव काढलं. तिच्याशी एरवी मी मराठीतच बोलायचे, हे मला तेव्हा आठवलंसुद्धा नाही. ती पुस्तक छातीशी धरून उभी होती. फक्त "सॉरी" म्हणाली. आठवड्याभरात तिने रूम बदलली.

गेल्या दिवाळीत 'ग्रेसलिंग' परत काढलं आणि एका जागी अडकले. एक सरदार आपली मुलगी लग्नात द्यायला तयार नसतो. त्याला धडा शिकवायला गेलेली कात्सा काही न करता परत येते आणि भर दरबारात राजाला नाही म्हणते. भोवती धनुर्धारी. मनात आणलं तर ती राजाला तिथेच संपवू शकते. पण ती कोणालाही न मारता चालत बाहेर जाते. पुढे तिला कळतं की (न वाचलेल्यांनी हे वाक्य गाळावं) आपलं कसब मारण्याचं नव्हतंच, तगून राहण्याचं होतं.

वाचून आधी बरं वाटलं. चला, आपणही कात्साच, विंगने आपल्याला वापरलं. मग लक्षात आलं, कात्साच्या डोक्यावर राजा होता. मला कोणीच धमकावलं नव्हतं. "तूच सांग" म्हटल्यावर मी नाही म्हणू शकले असते. म्हणाले नाही, कारण मला आवडत होतं.

मागच्या आठवड्यात तिच्या नव्या रूमपर्यंत गेले होते. दार उघडं होतं, ती थर्मो पाठ करत होती. मनातल्या मनात! ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी तशीच परत आले.

हा लेख इंग्रजी विभागाला दिला असता तर एका तासात झाला असता. पण अंक हातात आला की ती आधी मराठीची पानं उघडते, एवढं मला माहीत आहे.