बेडशाच्या वाटेवरील किल्ली

इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकांत कोरलेलीं बेडशाचीं लेणीं पाहावयाचीं, तर कामशेतास उतरून पवनानगरच्या रस्त्यास लागावें. गेल्या श्रावणांत आम्ही पुण्याहून लोकलनें आलों. पुतण्या मात्र आपल्या स्कूटरवरून. लेण्यांतील खांबांवरचे घोडे व हत्ती पाहून खालीं आलों, तों त्याची किल्ली नाहीं! पायऱ्या पुन्हां धुंडाळल्या, व्यर्थ. हँडलास कुलूप, त्यामुळें गाडी ढकलूनही नेतां येईना. (जोडकिल्ली पुण्यास फडताळांत अगदीं सुरक्षित होती.)

कामशेतच्या बाजारांतून चावीवाला आणविला. तो म्हणाला, "दादा, आधीं गाडीचे कागद दाखवा." पुतण्या संतापला, "आम्ही काय चोर दिसतों?" आम्हांस मात्र त्या कारागिराचें कौतुक वाटलें, मागेल त्यास किल्ली देणारा मनुष्य चोराचाच सोबती. डिजिलॉकरमधील नोंदणीपत्र २०१८ पासून ग्राह्य आहे, तें मोबाईलवर दाखविलें.

मग त्यानें कोरी किल्ली कुलपांत घालून पिळली व बाहेर काढून उजेडाकडे धरली. आंतील पत्र्यांचे ओरखडे जेथें उमटले तेवढेंच कानशीनें घासलें. पुन्हां घातली, पुन्हां घासली. अर्ध्या तासांत कुलूप फिरलें. किल्लींत इलेक्ट्रॉनिक चिप असती, तर नुसत्या कानशीनें भागलें नसतें.

जातांना तो म्हणाला, "जुनी कुणाला सांपडेल, कुलूपच बदला." पुतण्यानें दुसऱ्याच दिवशीं तें बदलून घेतलें.