डोकं आम्ही चालवू

बकरीदच्या दिवशी आमच्या जामनेरच्या घरी कच्ची पपई किसली जायची, सालासकट. अम्मी तो कीस मटणाला चोळून ठेवायची आणि दोन-तीन तासांनी कबाब करायला घ्यायची. कितीही जून बोकडाचं मटण असो, त्यानं ते मऊ पडायचं. असं का होतं, हे अम्मीला कुणी विचारलं नाही आणि तिनंही कुणाला विचारलं नाही. सासूनं शिकवलं होतं, तेवढं पुरेसं होतं.

मोठेपणी कळलं की पपईच्या चिकात पपेन नावाचं द्रव्य असतं आणि मांस मऊ करण्याचं काम तेच करतं. औषधांत आणि बिअरमध्येही त्याचा उपयोग होतो. त्याहून मोठं नवल म्हणजे, या पपेनवर एक अख्खा कारखाना उभा करणारा माणूस आमच्याच तालुक्यातला निघाला. भवरलाल जैन यांचा जन्म १९३७ मध्ये वाकोदचा. सरकारी अधिकारी होण्याची संधी सोडून ते धंद्यात उतरले आणि १९६३ मध्ये घरच्यांनी साठवलेल्या सात हजार रुपयांवर त्यांनी रॉकेल विकायला सुरुवात केली. १९७८ मध्ये त्यांनी केळीची पावडर करणारा एक जुना कारखाना विकत घेतला. केळी पिकवणाऱ्या जिल्ह्यात केळीच्या पावडरचा कारखाना म्हणजे सोन्याची खाण, असं कुणालाही वाटेल. त्यांनी मात्र तिथं पपेन बनवायला घेतलं. शेतकरी हिरव्या पपईला चिरा मारून चीक गोळा करू लागले आणि आमच्या स्वयंपाकघरातली गोष्ट परदेशात जाऊ लागली. पुढे पाइप आले, ठिबक आलं, उतिसंवर्धित केळी आली.

ही गोष्ट आपल्याकडे नेहमी एका मोठ्या माणसाच्या मोठ्या डोक्याची म्हणून सांगितली जाते. मला ती ऐकताना दुसराच प्रश्न पडतो. जैन मालक होते. डोक्यात आलेली कल्पना करून पाहायला त्यांना कुणाची परवानगी लागणार नव्हती. ज्याला दिसतं पण जो मालक नाही, त्याचं काय?

हा प्रश्न मला अब्बांमुळे पडतो. ते एका जिनिंगमध्ये मशिनीवर होते. थंडीच्या दिवसांत पहाटे वेचलेला कापूस दवानं ओला असायचा. तो तसाच ढिगात पडला की रोलरला लपेटायचा आणि मशीन सारखी बंद करावी लागायची. अब्बांनी एकदा मुकादमाला सांगितलं की ओल्या कापसाच्या गाड्या वेगळ्या रिकाम्या करा, त्याला दुपारपर्यंत ऊन लागू द्या आणि सकाळी कोरड्या ढिगापासून सुरुवात करा. एक रुपयाचाही खर्च नव्हता. मुकादम हसला आणि चार लोकांसमोर म्हणाला, "चाचा, तू जीन चालव. डोकं आम्ही चालवू."

अब्बा त्यानंतर तिथं एकोणीस वर्षं राहिले. आवाजावरून कोणत्या मशिनीचं बेअरिंग जाणार, हे त्यांना आठ दिवस आधी कळायचं. ते घरी आम्हाला सांगायचे. कारखान्यात पुन्हा कधी बोलले नाहीत. त्या मुकादमानं त्यांना शिवी दिली नव्हती, पगारही कापला नव्हता. एका वाक्यात एकोणीस वर्षांची अक्कल मात्र त्यानं बाहेर ठेवली.

आज मी जळगावच्या एमआयडीसीत प्लॅस्टिकच्या चटया बनवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर आहे. रंग बदलताना आधीचा रंग मशिनीतून पूर्ण निघेपर्यंत जो माल येतो, तो वेस्टेजमध्ये जातो. नेरीकडचा एक नवा पोरगा मला म्हणाला, "चाचा, एक सांगू का? आधी पांढरा, मग पिवळा, मग लाल आणि शेवटी काळा असं चालवलं तर?" मी घाईत होतो. म्हणालो, "आधी टार्गेट पूर्ण कर, मग बोल."

रात्री मोटारसायकलवर जामनेरला परतताना माझंच वाक्य कानात वाजत राहिलं. शब्द वेगळे होते, मुकादम तोच होता.

दुसऱ्या आठवड्यात करून पाहिलं आणि पहिल्याच दिवशी फसलं. नेमकी काळ्या चटयांची ऑर्डर तातडीची होती आणि ट्रक संध्याकाळपर्यंत दारात उभा राहिला. शेठ भडकले. मी सांगितलं, "निर्णय माझा होता." पोराला कुणी बोललं नाही, म्हणूनच तो दुसऱ्या दिवशी पुन्हा माझ्याकडे आला. आता आदल्या संध्याकाळी ऑर्डरी बघून आम्ही रंगांचा क्रम ठरवतो. वेस्टेजच्या रोज चार गोण्या निघायच्या, आता दोन निघतात.

टोयोटानं कामगारांच्या सूचना घेण्याची पद्धत १९५१ मध्ये सुरू केली. त्यांच्याकडे दोष दिसला की साधा कामगारही दोरी ओढून मदत बोलावू शकतो, वेळ पडली तर अख्खी लाइन थांबते. आपल्याकडचे लोक ती दोरी पाहून येतात आणि इथं भिंतीवर सूचनापेटी टांगतात. पेटीच्या कुलुपाला गंज चढतो. ज्यानं दोरी ओढली त्याला कुणी रागावणार नाही, हा तिथला भरवसा आपण आणत नाही. तो विकत मिळत नाही आणि त्याला खर्चही नाही. सूचनेला ठरलेल्या दिवसात उत्तर द्यायचं, नाही म्हणायचं असेल तर कारण सांगायचं, फसलं तर वरच्यानं अंगावर घ्यायचं आणि जमलं तर खालच्याचं नाव घ्यायचं. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड आहे.

ते अवघड आहे हे मला अब्बांमुळेच कळलं. ही सगळी हकिगत मी त्यांना कौतुकानं सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "उस बच्चे का नाम लिया क्या सेठ के सामने?"

मी घेतलं नव्हतं. फसलं तेव्हा "माझा निर्णय" म्हणालो होतो आणि जमलं तेव्हा "आमच्या शिफ्टनं केलं" म्हणालो होतो.

दुसऱ्या दिवशी मी शेठना नाव सांगितलं. त्यांनी पोराला बोलावून विचारलं, "अजून काय काय दिसतं तुला?" त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग त्यानं दोन गोष्टी सांगितल्या. त्यातली एक माझीच चूक होती.