शेजारच्या खोलीचा पत्ता

घरातल्या दोन संगणकांचे एकमेकांशी जमेनासे झाले, की एक गंमत हमखास दिसते. दोघेही बाहेरच्या जगाशी उत्तम बोलत असतात. एकावर परदेशातल्या भाचीचा चेहरा स्वच्छ उमटतो, दुसऱ्यावर मुंबईची बातमी क्षणात उघडते. पण ह्या खोलीतला कागद त्या खोलीत जात नाही. मध्ये एक भिंत, बारा-पंधरा पावलांचे अंतर आणि पूर्ण अबोला. मी मराठीचा एम. ए., यंत्रविद्येशी संबंध शाळेच्या संगणकखोलीची किल्ली सांभाळण्यापुरता. तरीही हा अबोला कोणत्या पायरीवर पडतो आणि कसा सुटतो, हे आमच्या घरात जवळून पाहायला मिळाले. आपल्या दुभाषी मुलखातल्या वाचकाला त्यात ओळखीचे बरेच काही सापडेल, म्हणून हा प्रपंच.

आमचे बेळगावचे घर जुने. पुढचा भाग माझ्याकडे, मागचा थोरल्या बंधूंकडे. त्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो. चुली वेगळ्या होऊन वीस वर्षे लोटली. भांडण म्हणाल तर नाही. पण बोलणे सणावारापुरते आणि घरपट्टीपुरते उरले होते. आमचे वडील प्राथमिक शिक्षक. त्यांनी आपल्या नोकरीच्या आठवणी सात वह्यांत लिहून ठेवल्या. अण्णांनी निवृत्तीनंतर त्या वह्या संगणकावर उतरवायला घेतल्या. आता त्यांचा हात कापतो, डोळाही पूर्वीसारखा चालत नाही. तेव्हा दिवसा त्यांनी टंकलिखित करावे आणि रात्री मी ते वाचून शुद्ध करावे, असे ठरले. पेनड्राइव्हने हे होत नाही का? होते, पण आठ दिवसांत एकाच प्रकरणाच्या तीन प्रती झाल्या आणि खरी कोणती हे दोघांनाही सांगता येईना. मजकूर एकाच ठिकाणी राहायला हवा, आणि दोघांना तिथवर जाता यायला हवे, एवढीच आमची गरज होती.

पुतण्याने दुरुस्तीच्या एका मुलाला बोलावले. मुलगा कानडी, वयाने माझ्या दहावीच्या विद्यार्थ्यांहून फार मोठा नव्हे. त्याने आधी तारा आणि दिवे पाहिले. मग दोन्ही संगणकांवर ती काळी खिडकी उघडून ‘आयपीकॉन्फिग’ असे टंकले आणि प्रत्येकाचा पत्ता कागदावर लिहून घेतला. माझा होता १९२.१६८.१.१४, अण्णांचा १९२.१६८.०.२३. कागदाकडे बघून तो हसला आणि म्हणाला, “सर, मन्याग एरड राउटर अदावरी.” म्हणजे घरात राउटर दोन आहेत.

१९२.१६८ ने सुरू होणारे हे पत्ते म्हणजे घरगुती पत्ते. १९९६ साली नियमच झाला, की हे पत्ते कोणीही आपापल्या घरात वापरावेत, बाहेरच्या जगात त्यांना किंमत नाही. घरात बाळूला बाळू म्हणतात, तसे. हे पत्ते वाटण्याचे काम राउटर करतो. कंपनीचा राउटर पुढच्या घरात. मधली दगडी भिंत दोन फुटांची, तिच्यातून वायफाय पलीकडे जाईना. म्हणून पुतण्याने स्वतःच्या पगारातून दुसरा आणून मागे बसवला, आणि त्यानेही आपल्या घरात आपले पत्ते वाटायला सुरुवात केली. दोन कुटुंबप्रमुख, दोन शिधापत्रिका. अशा मांडणीत आणखी एक विचित्र गोष्ट घडते. मागच्या घरातून निघालेली हाक पुढच्या घरापर्यंत येऊ शकते, कारण बाहेर जायची तिची वाटच पुढच्या घरातून आहे. पण पुढून मारलेली हाक मागच्या राउटरच्या उंबऱ्यावर अडते. आत कोण राहते हे तो बाहेरच्याला सांगतच नाही.

उपाय सोपा होता. मागच्या राउटरने पत्ते वाटणे बंद करायचे आणि फक्त लहरी पोचवायच्या. तार एका भोकातून काढून दुसऱ्यात घातली, त्या राउटरलाही पुढच्या घराच्या मालिकेतला एक पत्ता दिला, वाटपाचे बटण बंद केले. काम पाच मिनिटांचे, पण “माझा राउटर तुमच्या हाताखाली?” असे पुतण्या हसत म्हणाला, तेव्हा त्या हसण्यात थोडा खडा होता. अण्णा एवढेच म्हणाले, “अरे, पत्ते कुणीतरी एकानेच वाटायचे असतात.” पुतण्याने मान हलवली.

आता दोन्ही पत्ते एका मालिकेतले झाले. मुलाने माझ्या संगणकावरून अण्णांच्या संगणकाला ‘पिंग’ केले. ही आज्ञा माईक म्यूस नावाच्या अमेरिकन माणसाने १९८३ साली लिहिली; पाणबुडीच्या शोधात ध्वनीची हाक मारून प्रतिध्वनीची वाट पाहतात, त्यावरून तिचे हे नाव. “आहेस का?” एवढेच ती विचारते. उत्तर आले नाही. मला वाटले, सगळे मुसळ केरात. मुलगा मात्र शांत होता. उत्तर येत नाही म्हणजे आत कोणी नाही असे नव्हे, हे त्याला ठाऊक होते. अण्णांच्या विंडोजने आमच्या घराची नोंद ‘सार्वजनिक’ जागा अशी करून ठेवली होती, म्हणजे स्टँड, बाजार, उपाहारगृह. अशा जागी संगणक अनोळखी हाकेला ओ देत नाही, आणि ते शहाणपणाचेच आहे. जागा ‘खाजगी’ केली, सामायिक वापराची परवानगी दिली, आणि चार उत्तरे ओळीने आली.

तरी दार उघडेना. अण्णांनी संगणकाला पासवर्ड ठेवलाच नव्हता, “स्वतःच्या घरात कुलूप कशाला?” हा त्यांचा बाणा. पण ज्या खात्याला पासवर्ड नाही, त्यातून दुसऱ्या संगणकावरून विंडोज कोणालाच आत येऊ देत नाही. भावाला आत घ्यायचे तर आधी कुलूप बसवायचे आणि किल्ली त्याच्या हातात द्यायची. अण्णांनी विचार करून वडिलांचे नाव पासवर्ड म्हणून ठेवले आणि भिंतीपलीकडून मोठ्याने मला सांगितले. गुप्ततेचे तेवढेच मोल!

पुढची पायरी तर आपल्याच गावची. फायली देण्याघेण्याआधी दोन संगणक एकमेकांना सांगतात, की मला ह्या-ह्या बोली येतात. आणि दोघांना येणाऱ्यांतली सर्वांत नवी बोली ठरते. तंत्रज्ञही तिला ‘बोली’च म्हणतात. आमच्या खडेबाजारात दुकानदार एका भाषेत सुरू करतो, गिऱ्हाईक दुसऱ्या भाषेत, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला सौदा कोणत्या भाषेत व्हायचा हे न सांगता ठरते, तसेच हे. अण्णांचा संगणक विंडोज ७ चा, म्हणून निभावले. त्याहून जुना एक्सपी असता तर अडले असते. कारण त्याला येणारी एकुलती एक जुनी बोली नव्या विंडोजने २०१७ पासून आपणहून बोलणे सोडले आहे. त्याच वर्षी त्या बोलीतल्या फटीतून ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला होता. ती बोली पुन्हा चालू करता येते, पण करू नये.

फाईल अखेर माझ्या पडद्यावर उघडली, आणि तिच्यात एकही देवनागरी अक्षर नव्हते! सगळी रोमन अक्षरे आणि खुणा. अण्णांचा फाँट जुन्या पद्धतीचा. तो रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवतो. फाँट नसलेल्या घरी मजकूर गेला, की अंगरखा गळून पडतो. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्वतःची जागा आहे. पण अण्णांच्या बोटांना जुनाच कळफलक ठाऊक. परिवर्तकातून मजकूर युनिकोडमध्ये आणला, तर रफार भलत्याच अक्षरावर आणि जोडाक्षरे मोडलेली.

ती दुरुस्ती कोणतेही यंत्र करू शकले नाही. ‘वर्ग’ की ‘गर्व’, हे वहीत पाहूनच ठरवावे लागते, आणि वह्या अण्णांकडे. त्यामुळे रोज रात्री जेवणानंतर मी शंकांची यादी घेऊन मागच्या घरी जातो. एका शब्दाला वडिलांची एक आठवण निघते, ती वहीत नसते, मग तीही लिहून घ्यावी लागते. वहिनी चहा टाकतात. सातांपैकी तीन वह्या झाल्या आहेत. दोन्ही संगणक आता एकमेकांना ओळखतात. पण एखाद्या रात्री वायफाय बंद असले, तरी आमचे काम अडत नाही.