घरास काय जोडावें?

वैशाखऱ्याचें वडिलोपार्जित घर विकावयाचें ठरलें, तेव्हां किंमत वाढावी म्हणून त्यास काय जोडावें यावर घरांत वाद माजला. दादांना स्लॅबचा मजला हवा, वहिनींना ऐसपैस पडवी. मीं पक्ष घेतला तो कौलांवरचा पाऊस सांठविणाऱ्या टाक्याचा. माळशेजच्या पायथ्याशीं आषाढांत पागोळ्या थांबत नाहींत, आणि वैशाखांत विहिरी तळ दाखवितात! शेजारच्या शहापुरांत तर भातसा-तानसाचें पाणी मुंबईस जातें नि पाड्यांवर टँकर येतात. नाणेघाट खोदणारांनीं सुमारें २,००० वर्षांपूर्वीं कातळांत टाकीं कोरलीं, तीं कांहीं शोभेसाठीं नव्हेत. वरचा मजला काय, गिऱ्हाईक आपल्या आवडीनें चढवील. पाण्यावांचून तें उंबऱ्याशींच थबकेल.

आई एवढेंच म्हणाली, “घेणारीच्या डोक्यावरचा हंडा तरी उतरेल.”